म्हसोबाचा कोंबडा आणि सरकारी सुई

नोकरीला लागले तेव्हा माझी अशी समजूत होती, की मी गाई-म्हशींची डॉक्टर होणार. परभणीला शिकताना गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं वासरू वळवायला मी शिकले होते आणि त्याचा मला भलताच अभिमान होता. हिंगोली जिल्ह्यातल्या दवाखान्यात रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात तो उतरला. म्हैस आजारी पडली की घरातला पुरुष यायचा. मला खुर्चीत बसलेली बघून दारातूनच विचारायचा, "डॉक्टर कुठं गेले?" मी म्हणायचे, "मीच डॉक्टर." त्यावर "बरं बरं, येतो मंग" असं म्हणून जो जायचा तो दुसऱ्या तालुक्यात म्हैस दाखवायचा. कोंबडी आजारी पडली की मात्र बाई यायची, पदराखाली कोंबडी झाकून. तिला मी चालायचे. पुरुष डॉक्टर असता तर ती कोंबडी घेऊन आलीच नसती.

अशा रीतीने म्हशींनी मला नाकारलं आणि कोंबड्यांनी पदरात घेतलं. पंचक्रोशीत माझं नावच 'कोंबडीच्या बाई' पडलं. सुरुवातीला राग यायचा. माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर असतो. पुढे सवय झाली, आणि त्याच्याही पुढे, खरं सांगायचं तर, कुणी नुसतं 'डॉक्टर' म्हटलं की चुकल्यासारखं वाटायला लागलं.

बाहेरच्या माणसाला यातलं एक सांगितलं पाहिजे. आमच्याकडे शेत नवऱ्याच्या नावावर, बैल सासऱ्याच्या हातात आणि मोटारसायकल दिराच्या बुडाखाली असते. कोंबडी बाईची. अंडी उबवायला ठेवायची की लेकराला उकडून द्यायची, कोंबडी पाहुण्यासाठी कापायची की राखायची, हे घरातला कितीही मिशाळ पुरुष बाईला विचारल्याशिवाय ठरवत नाही. त्यामुळे कोंबडी मेली म्हणून डोळ्याला पदर लावणारी बाई पाहून लोक हसतात, पण मी कधी हसले नाही. तिचं स्वतःचं असं जे काही होतं, त्यातलं ते गेलेलं असतं.

कोंबडीची डॉक्टरकी वाटते तेवढी सोपी नाही. गाय आजारी पडली की आठ माणसांना कळवते. कोंबडी शेवटपर्यंत लपवते, आणि मान टाकली की समजावं, आजार जुना आहे. म्हणून आम्ही तिच्या तोंडाकडे कमी आणि विष्ठेकडे जास्त बघतो. हिरवी पातळ असली तर एक, चुन्यासारखी पांढरी असली तर दुसरं, रक्त असलं तर तिसरं. आता फोन आल्यापासून बायका त्याचे फोटो पाठवतात, आणि ते नेमके मी जेवायला बसले की येतात. मी निवृत्त झाले तरी ते थांबलेले नाहीत. माझ्या नवऱ्याने माझ्या फोनकडे चुकूनही बघायचं सोडून दिलं आहे.

गावठी उपायांशी माझं भांडण जुनं. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबवून नुसती बसून राहायला लागली, की आमच्याकडे तिच्याच अंगाचं एक पीस उपटून तिच्या नाकपुड्यांतून आरपार घालतात. पीस टोचत राहतं, ती वैतागून उठते. नाकात पीस घातलेली ती कोंबडी अंगणात फिरताना लग्नाला निघालेल्या वरमाईसारखी दिसते. डोंगरकडा गावाकडच्या एका बाईने अशी कोंबडी माझ्याकडे आणली. मी पीस काढलं, बाईला चांगलं फैलावर घेतलं आणि सांगितलं, की हिला दोन-चार दिवस हवेशीर डालग्याखाली ठेव, चारापाणी दे, आपोआप उठेल. बाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बराबर हाय तुमचं," म्हणाली. दवाखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन तिने ते पीस परत जागच्या जागी घातलं. मी खिडकीतून बघत होते.

शहरातल्या कोंबड्यांची तऱ्हा वेगळी. हिंगोलीत एका मास्तरीणबाईंकडे पिंकी नावाची कोंबडी होती. ती गादीवर झोपायची आणि चहात बुडवलेलं बिस्किट खायची. एकदा तिचं अंडं अडकलं. मी गेले, तर सगळं घर न्हाणीघराच्या दारात उभं. कोमट पाण्याच्या बादलीत पिंकीला मानेपर्यंत बसवलं, तेलाचं बोट लावलं आणि वाट बघत बसले. मास्तरीणबाई दाराबाहेरून हिंदीत धीर देत होत्या, "हो जाएगा बेटा, हो जाएगा." अंडं झालं तेव्हा त्यांनी मला पेढा दिला. आता बिस्किटं बंद करून शिंपल्यांचा चुरा द्या, एवढंच माझं औषध होतं.

पण कोंबडीच्या डॉक्टरचा खरा वैरी म्हणजे मानमोडी. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात. कोंबडी मान वाकडी करून गोल फिरते, हिरवं हगते आणि मरते. लागण झाली की औषध नाही. गाव सकाळी उठतं ते कोंबड्याच्या बांगेशिवाय. एका गावात मी लस घेऊन पोचले ती उशिरा, आणि तिथल्या बायका ओळीने खुराडी धुऊन पालथी घालत होत्या. कुणी मला बोललं नाही. तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून उन्हाळा लागला की मी बर्फाचा थर्मास घेऊन गावोगाव हिंडायला लागले. लसीची बाटली एकदा फोडली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून उजाडायच्या आत, खुराडी उघडण्यापूर्वी, जाऊन बसायचं. एकदा का कोंबड्या उकिरड्यावर सुटल्या, की त्यांच्यामागे पळणारी सरकारी बाई ही सगळ्या गावाची करमणूक होते.

अशाच एका उन्हाळ्यात सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला असलेल्या एका गावात लस टोचत होते. गावाचं नाव सांगत नाही. का ते पुढे कळेल.

बायका डालग्यांत कोंबड्या घेऊन पारापाशी आल्या होत्या. त्यात गयाबाई होत्या, साठीच्या, काटक, बोलायला खमक्या. त्यांच्या मागे त्यांची सून सुमन. त्यांच्या सगळ्या कोंबड्या टोचून झाल्या. तेवढ्यात त्यांच्या घराच्या पत्र्यावर एक कोंबडा दिसला. तांबडा, शेपटीला हिरवी झाक, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या अंमलदारासारखा. त्याला घरात 'फौजदार' म्हणायचे.

"तो राहिला की," मी म्हणाले.

"तो न्हाई टोचायचा," गयाबाई म्हणाल्या. "तो म्हसोबाचा हाय."

गोष्ट अशी होती. आदल्या वर्षी गयाबाईंच्या मुलाला, बालाजीला, रानात साप चावला. नांदेडच्या दवाखान्यात तो बरेच दिवस होता. गयाबाईंनी बांधावरच्या म्हसोबाला नवस बोलला, की लेक चालत घरी आला तर कोंबडा देईन. लेक चालत आला. त्या दिवसांत अंड्यातून निघालेलं एक पिल्लू म्हसोबाच्या नावाने राखलं. आता आखाडात त्याचा मान द्यायचा होता. आणि देवाला द्यायच्या कोंबड्यात खोट चालत नाही. तुरा फाटलेला नको, नख तुटलेलं नको, आणि सुई तर मुळीच नको.

"सुईनं काय खोट येते?" मी विचारलं.

"देवाच्या आधी सुईनं रगत घेतलं म्हंजे उष्टं झालं न्हाई का?" त्या म्हणाल्या. "उष्टं ताट देवाफुडं कसं ठेवावं?"

परभणीच्या पुस्तकांत उष्ट्या कोंबड्याचा धडा नव्हता. अशा वेळी मी चिडते. "शेजारच्या गावात मानमोडी येऊन राहिलीय, मावशी. म्हसोबाला मेलेला कोंबडा चालतो का?"

गयाबाईंनी पत्र्यावर नजर टाकली. मग म्हणाल्या, "पिल्लाच्या डोळ्यात थेंब टाकता तुमी. तसं टाका की याच्या."

तशी लस असते. ती पिल्लांसाठी, मोठ्या पक्ष्याला तिने थोडे दिवस निभावतं, सुईइतकं पक्कं काम होत नाही. पण काहीच नसण्यापेक्षा बरं. ती बाटली त्या दिवशी माझ्याकडे नव्हती. पुढच्या फेरीला आणते, असं सांगून मी उठले. सुमन पत्र्यावरच्या फौजदाराकडे मान वर करून बघत होती.

त्यानंतरच्या आठवडी बाजाराच्या दिवशी मी कामाने जवळा बाजार या गावी गेले होते. एका झाडाखाली सावलीत थांबले होते, तर सुमन पुढ्यात येऊन उभी. हातात रिकामी पिशवी.

"बाई, एक काम होतं. थेंब नका टाकू. सुईच टोचा."

"काहून?"

तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. "थेंब टाकले तर तो जगंल, आन आखाडात कापतेल. सुई टोचली तर म्हसोबाला चालत न्हाई. मंग त्याला कोन कापंल?" आणि एकदम तिचा आवाज फुटला. "हे नांदेडला होते तवा घरी मी आन आत्याबाई दोघीच. आमी दोघी एकमेकीशी बोलत बी नव्हतो, भेव वाटायचं. ते पिल्लू लई बोलायचं. आता म्या हाक मारली की पत्र्यावरून खाली येतो. त्याच्या मानंवर सुरी कशी बघू?"

"मग सासूला सांग ना."

"कसं सांगू? माझ्या कुकवासाठी बोललेला नवस हाय. त्या म्हनतील, नवऱ्याच्या जिवापरीस सुनेला कोंबडं लाडकं."

मला तिचं पटलं आणि तरी मी नाही म्हणाले. कोंबडा गयाबाईंचा होता. मालकिणीला फसवून मी एक कोंबडा टोचला असता, तर दुसऱ्या दिवसापासून त्या गावातल्या एकाही बाईने मला कोंबडीला हात लावू दिला नसता, आणि मानमोडी सगळ्यांच्या अंगणात शिरली असती. मी तिला तसं सांगितलं. ती पदराने डोळे पुसून बाजारात शिरली. मला दिवसभर अन्न गोड लागलं नाही.

म्हणजे लागलं नसतं, पण तेवढ्यात गयाबाई आल्या. कुणाची नजर चुकवून आल्याचं त्यांच्या चालीवरून कळत होतं.

"सूनबाईला बांगड्या भरायला बसवून आले," त्या म्हणाल्या आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या. बराच वेळ बाजारातल्या मिरचीला नावं ठेवली. मग जमिनीकडे बघत म्हणाल्या, "बाई, ते थेंबाचं ऱ्हाऊ द्या. सुई टोचा."

सुमन जवळपास दिसते का ते मी पाहून घेतलं.

"म्या न्हाई म्हनंन. लई बोलंन तुमाला. तुमी ऐकू नका. टोचा."

"अहो मावशी, पण देवाचं काय?"

"बोललेला नवस म्या कशी मोडू? लेकाचा जीव हाय त्यात. पर देवानंच नको म्हनलं तर? उष्टं झालं, नको, म्हनलं तर मंग माझा काय विलाज?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "बाजंवर येऊन बसतो ओ माझ्या पायापाशी. म्या भाकर मोडली की पैला तुकडा त्याचा. लेकराला कापायला काढल्यावानी वाटून राहिलं."

"आणि म्हसोबा कोपला तर?"

"सरकारी सुई हाय," गयाबाई म्हणाल्या. "सरकारचं देव काय करंल? कोर्टात जाईल?"

मला हसू आवरेना. त्यांनाही आलं, पण लगेच गंभीर झाल्या. "सुमनला कळू देऊ नका. तिला वाटंल, म्हातारीनं कोंबड्यापायी माझ्या नवऱ्याचा नवस मोडला. तकलीफ होईल पोरीला."

त्या दोघींनी माझ्यावर असं दोन्ही बाजूंनी ओझं टाकलं. एकीला दुसरीचं सांगितलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण दोघींनी विश्वासाने सांगितलेलं होतं, आणि डॉक्टरने पोटातलं ओठावर आणू नये, मग रोगी कोंबडी का असेना. शिवाय मला एक दिसत होतं. नवस मोडायला त्या घरात दोघीही तयार नव्हत्या. त्यांना तो मोडणारी कुणी तिसरी हवी होती.

पुढच्या फेरीला पहाटेच गेले. थर्मासमध्ये थेंबांची बाटली होती आणि सुईचीही. अंगणात बालाजी दात घासत होता, अंगाने चांगला भरलेला. "नीट संभाळा बाई आमच्या फौजदाराला," म्हणाला. "आखाडात तुमालाबी रस्सा खायला बलावतो." शेजारच्या दोन-तीन बायका आपल्या राहिलेल्या कोंबड्या घेऊन आल्या होत्या. मी आधी त्या टोचल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मोठ्या कोंबड्याला थेंबांचा भरवसा नाही. मी सुईच देणार." हे शंभर टक्के खरं होतं, म्हणून मला म्हणताना बरं वाटलं.

गयाबाईंनी फौजदाराला छातीशी धरलेलं होतं. त्या एकदम ओरडायला लागल्या. "न्हाई म्हनून सांगितलं ना तुमाला? देवाचा कोंबडा हाय. हात लावायचं काम न्हाई. कसल्या शिकलेल्या बाया, देवधर्म काय न्हाई यास्नी." आवाज पार वेशीपर्यंत गेला असेल. सुमनने पुढे होऊन कोंबड्याचे पाय धरले, तो निसटू नये म्हणून म्हणा किंवा कशासाठी म्हणा. सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं नाही.

मी सिरिंज हातात घेऊन थांबले. एवढ्या शिव्या समोरासमोर खायची सवय मलाही नव्हती. क्षणभर वाटलं, बाईचं मन बदललं की काय. मग माझी नजर खाली गेली. गयाबाईंचं तोंड माझा उद्धार करत होतं आणि त्यांच्या डाव्या हाताने फौजदाराचा पंख अलगद वर उचललेला होता. उजव्या हाताची बोटं खालची पिसं बाजूला करून, जिथे सुई टोचतात तिथली कातडी उघडी करून धरत होती.

मी टोचलं. सुईच्या जागी रक्ताचा एक थेंब आला. सगळ्यांनी पाहिला.

"बाटवला," गयाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. फौजदाराला मांडीवर घेऊन त्या रडायला लागल्या, आणि सुमनही रडायला लागली. शेजारणींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी जन्मभर विसरणार नाही. बालाजी तोंडात दातवण तसंच धरून उभा होता. त्याचा रस्सा गेला होता.

मला वाटलं आता इथून निघावं. पण गयाबाईंनी रडता रडता सुनेला चहा टाकायला सांगितलं. "सरकारी मानूस हाय, चहा तर द्यावाच लागंल," असं म्हणाल्या. त्या चहात इतकी साखर होती की चमचा उभा राहावा.

नवसाचा निवाडा गावच्या भगताने केला. तो मला नंतर कळला. उष्टा कोंबडा म्हसोबाला चालायचा नाही, त्याऐवजी नारळ आणि पुरणाचा नैवेद्य दाखवा, असं तो म्हणाला. म्हणताना त्याला फार वाईट वाटलं असणार, कारण मानाच्या कोंबड्यातला त्याचा वाटाही गेला होता. मानमोडी त्या उन्हाळ्यात गावात आलीच. ज्यांनी टोचून घेतलं नव्हतं त्यांची खुराडी रिकामी झाली. फौजदार पत्र्यावर उभा राहून बांग देत राहिला.

आपण देवाच्या तोंडचं काढून घेतलं, हे मात्र माझ्या मनातून जाईना. शिकलेल्या बाईने असं म्हणू नये, पण वाटलं ते वाटलं. त्या रस्त्याने जाताना एकदा गाडी थांबवून मी बांधावरच्या म्हसोबापुढे एक नारळ फोडला आणि कुणी पाहिलं नाही याची खात्री करून घेतली. गावाचं नाव सांगत नाही ते त्यासाठीच.

त्या गावात माझी बदनामी व्हायची ती झाली. 'देवाचा कोंबडा बाटवणारी बाई' असं बोट दाखवायचे. पुढच्या वर्षी लस घेऊन जाताना वाटत होतं, आता कोण कोंबडी आणतंय. पाराजवळ गेले तर नेहमीपेक्षा गर्दी जास्त. आणि नेहमीची रांग सोडून बाजूला आणखी एक छोटी रांग, तिच्यात प्रत्येकीच्या काखेत एक-एक देखणा कोंबडा. मी त्यांच्याकडे वळताच पहिलीने सुरुवात केली. "ओ बाई, याला हात लावायचं न्हाई बरं का. मरीआईचा हाय." दुसरी म्हणाली, "आमचा तर खंडोबाचा." कुणीही घरी मात्र जात नव्हती. मी शिव्या खात खात सगळी रांग संपवली. सगळ्यात शेवटी गयाबाई उभ्या होत्या. काखेत नवा कोंबडा होता. नातू व्हावा म्हणून नवस बोललेला. "याला तर मुळीच न्हाई," त्या म्हणाल्या आणि पंख उचलला.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. माझ्या जागी एक तरुण डॉक्टर आला आहे, हुशार आणि भारी सभ्य. निघताना त्याला सगळ्या गावांची माहिती दिली, पण हे सांगायचं राहून गेलं. यंदाच्या उन्हाळ्यात एका पहाटे त्याचा फोन आला. आवाज रडकुंडीला आलेला.

"मॅडम, काय करू कळत नाही. बायका कोंबडे घेऊन रांगेत उभ्या आहेत आणि मलाच शिव्या देतायत. एक आजी म्हणतायत, सुई लावली तर तुझं वाटोळं होईल. परत जाऊ का?"

"आजीचा हात कुठं आहे?" मी विचारलं.

थोडा वेळ नुसता कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता. आणि त्याच्यावर चढलेला, मला चांगला ओळखीचा, एक खणखणीत आवाज.

"पंखाखाली," तो म्हणाला. "पंख उचलून धरलाय."

"मग टोच."